कोंबड्यांची पोटं सारखी बिघडतायत? जड धातूंचा संशय कधी घ्यायचा, सोर्स कसा शोधायचा आणि मग काय करायचं

कॉक्सीचं (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवींचा आजार) औषध देऊन झालं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, लिव्हर टॉनिक झालं, फीडमध्ये टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारी पावडर) तर आधीपासूनच आहे, तरी विष्ठा पातळच, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलंच आणि एफसीआर (किलोभर वजन वाढायला किती फीड लागतं तो आकडा) सुधारायचं नाव घेत नाही. मरतुक म्हणाल तर तीही फार नाही, त्यामुळे घाबरून कुणाला फोन करावा असंही वाटत नाही, नुसतं काहीतरी चुकतंय एवढं कळतं. अशा वेळी बहुतेकांच्या यादीत जड धातू नसतातच. मी वर्षानुवर्षं पक्षी फाडून बघतोय आणि माझ्याही यादीत ते बरीच वर्षं नव्हते, का आले ते पुढे सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. पोट बिघडलं की धातूच, असं अजिबात नाही. दहातल्या नऊ वेळा कॉक्सी, क्लॉस्ट्रिडियम, बुरशीचं विष किंवा पाण्याची घाण हेच निघणार. पण उरलेल्या एका वेळी तुम्ही औषधामागून औषध बदलत बसाल आणि खरं कारण शेडच्या छपरावरच्या टाकीत किंवा फीडच्या पोत्यात तसंच पडून राहील. म्हणून ह्या लेखात औषधापेक्षा हिशोबच जास्त आहे, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

नेमके कुठले धातू

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा हे चार मुख्य. ह्यांची पक्ष्याला गरज नाही, येतील ते नुसतं नुकसानच करायला. तांबं आणि जस्त ह्यांची गोष्ट वेगळी, ते लागतातच, पण प्रमाणाबाहेर गेले की तेच आतडं सोलायला लागतात. ब्रॉयलरला म्हणजे मांसाच्या कोंबडीला तांब्याची किमान गरज किलोभर फीडमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास आणि जस्ताची ४० च्या आसपास, कंपन्यांच्या फॉर्म्युल्यात त्यापेक्षा जास्त असतं आणि ते ठीक आहे, पण वाढ चांगली होते म्हणून तांबं १२५ ते २५० पीपीएमपर्यंत नेणारेही आहेत. पीपीएम म्हणजे किलोला एक मिलिग्रॅम, पुढे सगळीकडे हेच वापरतोय.

आतड्यात होतं तरी काय

लोक लिव्हर-किडनीचं बोलतात, पण विचार करा, खाल्लेल्या धातूतला थोडाच हिस्सा रक्तात जातो, कॅडमियमचा तर अगदीच थोडा. म्हणजे लिव्हरला पोचतं ते उरलंसुरलं, पूर्ण डोस जो अंगावर घेतो तो आतड्याचा अस्तर. बाकीचा धातू विष्ठेतून बाहेर पडतो हे खरं पण तो चोचीपासून शेवटपर्यंत सगळीकडे हात लावत जातो.

अस्तरावर मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, व्हिलाय म्हणतात त्यांना, पचलेलं अन्न तिथूनच आत शोषलं जातं. धातू पेशींमधलं ग्लुटाथायोन (पेशीला सांभाळणारा पदार्थ) खाऊन टाकतात, पेशी आतून गंजल्यासारख्या होतात (ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हाच), व्हिलाय खुरटतात, आणि मेलेल्या पेशींची भरपाई करायला खालचे खड्डे म्हणजे क्रिप्ट खोल होत जातात. फीड तेवढंच खाल्लं जातं पण शोषायची जागाच कमी झालेली असते, आणि शिवाय अस्तर पुन्हा पुन्हा बांधायला एनर्जी जाते ती वेगळीच. एफसीआर बिघडतो तो इथे.

दुसरं नुकसान शिवणीचं. अस्तराच्या दोन पेशींमध्ये घट्ट शिवण असते, टाइट जंक्शन. ती उसवली की आतड्यातले बॅक्टेरिया आणि त्यांची विषं रक्तात झिरपायला लागतात, मग लिव्हर सुजतो, आपण लिव्हर टॉनिक देतो आणि शिवण तशीच उसवलेली राहते. तिसरं म्हणजे आतड्यातली वस्ती बदलते, लॅक्टोबॅसिलससारखे कामाचे जंतू कमी होतात आणि ई. कोलायच्या जातकुळीतले वाढतात. त्यात तांबं-जस्त जास्त असेल तर अजून एक भानगड, ह्या धातूंना दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारी जीन्सही बऱ्याचदा त्याच प्लाझमिडवर (जंतूंमधला डीएनएचा छोटा तुकडा) बसलेली असतात, म्हणजे एक अँटिबायोटिक न देताही तुम्ही हट्टी जंतू पाळत बसता.

आणि एक गोष्ट फारच कामाची आहे. आतड्यात लोह आत घ्यायला एक दार असतं, डीएमटी वन नावाचं प्रथिन. कॅडमियम आणि शिसं त्याच दारातून घुसतात, कॅल्शियमच्या वाटाही वापरतात. फीडमध्ये लोह किंवा कॅल्शियम कमी असलं की शरीर ही दारं वाढवतं आणि धातूंचं फावतं. म्हणून एकाच धातूचं एकच प्रमाण एका फार्मवर पचून जातं आणि दुसऱ्यावर त्रास देतं.

संशय कधी घ्यायचा

एकट्या लक्षणावरून कधीच नाही, पॅटर्नवरून. इन्फेक्शन एका कोपऱ्यातून सुरू होऊन पसरतं, धातूचा त्रास एका फीडवरच्या किंवा एका टाकीवरच्या सगळ्या पक्ष्यांना जवळजवळ एकदम होतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे वही काढा, विष्ठा कधी बिघडली ती तारीख लिहा आणि तिच्या आधीच्या पंधरा दिवसांत काय बदललं ते लिहा, नवीन डीसीपी (फॉस्फरससाठी फीडमध्ये घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट), नवीन फिशमील, नवीन बोअर, टाकी बदलली, शेड रंगवली, वेल्डिंग झालं, पाण्यात नवीन अ‍ॅसिडिफायर (पाणी आंबट करणारं औषध) सुरू केलं, जे असेल ते. एक शेड चांगली आणि एक बिघडलेली असेल तर तुमचं नशीब चांगलं, दोघींत फरक काय एवढंच शोधायचं राहतं.

धातूगणिक थोडा फरक दिसतो तो असा. शिशाने आतड्याची हालचाल मंदावते, गळ्याखालची पिशवी म्हणजे क्रॉप भरलेलीच राहते, सकाळी हात लावला तरी कालचं खाणं तिथेच, विष्ठा हिरवट, पक्षी हलका होत जातो, पंख खाली लोंबतात, तुरा फिका पडतो. आर्सेनिक एकदम जास्त गेलं तर पाण्यासारखी, कधी रक्ताची हगवण आणि अस्तर लालभडक. तांबं जास्त झालं तर पेटा म्हणजे गिझार्डचा आतला कडक पापुद्रा खडबडीत होऊन भेगाळतो, जस्तानेही पेट्याला जखमा होतात आणि स्वादुपिंडही खराब होतं. जस्ताचा अतिरेक झाला की पक्षी खाणंच सोडतो, हे इतकं पक्कं आहे की एके काळी लेअरची म्हणजे अंड्यांच्या कोंबडीची पिसं मुद्दाम झडवायला म्हणजे फोर्स मोल्टिंगला फीडमध्ये २०,००० पीपीएम जस्त घालायची पद्धत होती. कॅडमियम सगळ्यात लबाड, खास असं लक्षणच नाही, नुसती वाढ मंद, अंडी कमी, कवच पातळ आणि किडनीत साठत जातं. पाऱ्याचं सेंद्रिय रूप मज्जासंस्थेवर जातं, साधे क्षार आतडं आणि किडनी धरतात.

पक्षी फाडून बघताना

हातमोजे घाला. ताजा मेलेला पक्षी घ्या, किंवा डॉक्टरांकडून अगदी आजारी पक्षी शांतपणे मारून घ्या, कारण कोंबडीचं आतडं मेल्यावर इतकं पटकन सडतं की दोन तासांनी बघितलेल्या अस्तरावरून काहीही सांगणं म्हणजे भविष्य सांगणं.

पेटा कापा. आतलं सगळं एका पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये काढा, टाकू नका. मग पापुद्रा बघा, चांगला असेल तर पिवळसर, गुळगुळीत, नखाने धरून ओढला तर सलग निघतो. काळपट भेगा, झाडाच्या सालीसारखा खडबडीतपणा, खाली रक्ताळलेले ठिपके दिसले तर नोंद करा. पण थांबा, लगेच तांब्यावर खापर फोडू नका. जास्त भाजलेल्या फिशमीलमधल्या गिझरोसिनमुळे असंच होतं, एका जातीच्या अ‍ॅडिनोव्हायरसनेही असंच होतं. टी-टू ह्या बुरशीच्या विषाने पण अस्तर बिघडतं, मात्र त्यात तोंडात, टाळूवर पिवळट चट्टे सापडतात, म्हणून चोच उघडून बघायची सवय लावून घ्या.

आता तो ट्रे. त्यात पाणी घाला आणि सूप पाखडल्यासारखा हलवत हलवत वरचं हलकं पाणी सोडून द्या. तीनचार वेळा केलं की दाण्याचा चुरा वाहून जातो आणि खाली खडे आणि जड माल राहतो. त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड म्हणून फेकायचं नाही बरं का, जस्ताचा मुलामा असलेल्या तारेचा तुकडाही चिकटतो, कारण आत लोखंडच असतं आणि मुलामा पेट्यातल्या अ‍ॅसिडमध्ये विरघळून गेलेला असतो. चुंबकाला न चिकटलेलं, राखाडी, वजनाला जड आणि नखाने ओरखडा उठणारं काही सापडलं तर कोऱ्या कागदावर घासून बघा, पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटली तर ते बहुधा शिसं. डाखाचा तुकडा, छर्रा, गळाला लावायचं वजन, जुन्या बॅटरीचा भाग, काहीही असू शकतं. कोंबड्या चमकणारे छोटे तुकडे खडे समजून टिपतात. पेट्यात अ‍ॅसिड आहे, खडे आहेत, सतत दळण चालू आहे, तो तुकडा दिवसेंदिवस झिजत रक्तात उतरत राहतो.

लहान आतडं उघडा, पाण्याने हळूच धुवा आणि उजेडात तिरकं धरा. अस्तर मखमली दिसायला पाहिजे. पातळ, आरपार दिसणारं, गुळगुळीत झालेलं असेल तर व्हिलाय गेलेत, पण कशामुळे गेलेत ते डोळ्याने कळत नाही. जाड खरखरीत टॉवेलसारखा थर असेल तर नेक्रोटिक एंटरायटिस (क्लॉस्ट्रिडियममुळे आतडं सडतं तो आजार), तिकडे वळा. अस्तर खरवडून मायक्रोस्कोपखाली बघून कॉक्सीचा निकाल लावून घ्या. हे न करता धातूच्या टेस्टला पैसे घालवू नका, खरंच सांगतोय.

हिशोब

इथे बहुतेक लोक चुकतात. संशय आला की सगळे पाण्याकडे धावतात, कारण पाण्याची टेस्ट सोपी. पण किती धातू आत जातो हे दोन आकड्यांवर ठरतं, मालात किती आहे आणि तो माल किती खाल्ला जातो, त्यातला दुसरा आकडा सगळे विसरतात.

एक लेअर घ्या. दिवसाला ११० ग्रॅम फीड खाते, पाणी त्याच्या साधारण दुप्पट, २२० मिली धरा. लेअर फीडमध्ये चुनखडी ९ टक्के असेल तर ती दिवसाला जवळजवळ १० ग्रॅम चुनखडी खाते. युरोपियन युनियनच्या नियमात चुनखडीत शिसं २० पीपीएमपर्यंत चालतं. समजा तुमच्या चुनखडीत बरोबर तेवढंच आहे, म्हणजे माल नियमात आहे. तर दिवसाला शिसं गेलं २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आता पाणी बघा, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, त्या मर्यादेवरचं पाणी प्यायली तर दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे नियमातली चुनखडी नियमातल्या पाण्याच्या नव्वदपट शिसं देते. आणि टेस्टला आपण पाठवतो काय तर पाण्याची बाटली.

तसंच कॅडमियमचं. ते रॉक फॉस्फेटमधून येतं, म्हणून डीसीपी, एमसीपीमध्ये (मोनोकॅल्शियम फॉस्फेट) सापडतं. दीड टक्का डीसीपी, त्यात १० पीपीएम कॅडमियम (युरोपात फॉस्फेटला एवढंच चालतं), तर अख्ख्या फीडमध्ये एकट्या डीसीपीचं ०.१५ पीपीएम झालं. पूर्ण फीडची मर्यादा ०.५ आहे. झिंक ऑक्साइड, झिंक सल्फेटमध्येही कॅडमियम येतं, कारण खाणीत जस्त आणि कॅडमियम एकत्रच असतात, पण ते फीडमध्ये इतकं कमी पडतं की माल फारच गलिच्छ असल्याशिवाय आकडा हलत नाही. म्हणून क्रम असा लावा, आधी चुनखडी आणि शिंपल्याचं ग्रिट, मग डीसीपी, मग फिशमील, मग मिनरल प्रीमिक्स (खनिजांचं तयार मिश्रण). मका आणि सोया धातूच्या बाबतीत सहसा शेवटी येतात.

ह्याला अपवाद दोन. एक म्हणजे वर सांगितलेला धातूचा तुकडा, शिशाचा ०.१ ग्रॅमचा कण म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम, ती चुनखडी पाचशे दिवस खाऊन जेवढं शिसं जाईल तेवढं एका कणात (सगळं विरघळत नाही पण थोडंही पुरतं). दुसरा अपवाद आर्सेनिकचा. फिशमीलमध्ये एकूण आर्सेनिक जास्त दिसतं पण ते बहुतेक आर्सेनोबिटेन नावाच्या सेंद्रिय रूपात असतं, ते फारसं विषारी नसतं. बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक असेंद्रिय, म्हणजे खरं सोमलच, आकडा लहान असला तरी तो जास्त गंभीरपणे घ्यायचा. म्हणून फिशमीलच्या रिपोर्टात आर्सेनिक जास्त आलं तर घाबरण्याआधी लॅबला असेंद्रिय आर्सेनिक वेगळं काढून मागा.

पूर्ण फीडच्या युरोपियन मर्यादा लिहून ठेवा, तुलनेला बऱ्या पडतात: शिसं ५, आर्सेनिक २, कॅडमियम ०.५, पारा ०.१ पीपीएम. पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लिटरला आर्सेनिक १०, शिसं १०, कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम. तुमच्या देशाचे नियम वेगळे असतील तर ते लागू, पण शोध घ्यायला हे आकडे चालतात.

आपल्याच हाताने घातलेला धातू

आता माझी यादी का बदलली ते. लेअरची एक शेड होती, पाण्याची टाकी जस्ताच्या पत्र्याची, जुनी पण भक्कम. साल्मोनेला-ई. कोलायवर उपाय म्हणून पाण्यात ऑर्गॅनिक अ‍ॅसिड सुरू करायला मीच सांगितलं होतं आणि पीएच खाली आणल्यावर पहिले काही दिवस सगळं छान. मग खाणं कमी झालं, विष्ठा पातळ, मी म्हटलं डोस कमी पडतोय, वाढवा. अजून बिघडलं. पेटे फाडले तर पापुद्रे भेगाळलेले. टाकी रिकामी करून आत वाकून बघितलं तेव्हा पाण्याच्या रेषेच्या खालचा पत्रा मंद काळसर आणि वरचा पूर्वीसारखा चमकता, रेघ आखल्यासारखा फरक. मुलामा पाण्यात गेला होता, म्हणजे कोंबड्यांच्या पोटात, आणि तो मी घालवला होता. टाकी प्लॅस्टिकची केली, बाकी काही औषध दिलं नाही, खाणं परत आलं. तेव्हापासून अ‍ॅसिडिफायर सांगायच्या आधी टाकी, पाइप आणि निपल लाइन कशाची हे विचारतो.

मोरचुदाचंही (कॉपर सल्फेट) तेच. क्रॉपमधल्या बुरशीवर पाण्यात मोरचूद घालायचा जुना उपाय आहे, लिटरला अर्धा ग्रॅम. मोरचुदात तांबं साधारण पाव हिस्सा, म्हणजे लिटरला १२५ मिलिग्रॅम तांबं. पक्षी फीडच्या दुप्पट पाणी पितो, म्हणजे हे फीडमध्ये २५० पीपीएम घातल्यासारखं झालं, आणि फीडमध्ये आधीच जास्तीचं तांबं असेल तर त्यात ही भर. दोनतीन दिवसांचा उपाय लोक दोनतीन आठवडे चालू ठेवतात आणि मग पेटा का सोलला म्हणून विचारतात. शिवाय मोरचुदाचं पाणी जस्ताच्या भांड्यात ठेवलं की तांबं भांड्यावर चढतं आणि जस्त पाण्यात उतरतं, दोन्ही बाजूंनी मार. प्लॅस्टिकचं भांडं घ्या, दिवस मोजा.

आणि कुणी म्हणेल की आर्सेनिक मुद्दाम कोण घालेल, तर घालत होते, तेही परवानगीने. रोक्सार्सोन हे आर्सेनिकचं औषध अमेरिकेत १९४० च्या दशकापासून कॉक्सी आवरायला आणि वाढीसाठी फीडमध्ये जायचं, सेंद्रिय आर्सेनिक आहे, काही होत नाही, असं सांगितलं जायचं. नंतर ते दिलेल्या पक्ष्यांच्या लिव्हरमध्ये असेंद्रिय आर्सेनिक सापडलं, २०११ मध्ये त्याची तिथली विक्री थांबली आणि २०१५ च्या शेवटी नायटार्सोन हे त्या गटातलं शेवटचं औषधही गेलं. कुठे जुना साठा किंवा विनालेबल ग्रोथ प्रमोटर मिळाला तर हात लावू नका.

मोकळ्या कोंबड्या असतील तर माती बघा. जुन्या घराच्या भिंतीलगत सोललेल्या रंगाचे पापुद्रे पडलेले असतात, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, कोंबडी तिथेच उकरते. दाणे जमिनीवर फेकले की दाण्याबरोबर माती पोटात जाते, खाद्य भांड्यात द्या. वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड, त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक तिन्ही असू शकतात, त्याचा भुसा शेडमध्ये खाली अंथरायला नको, आणि त्याची राख तर धूळ-आंघोळीला मुळीच नको, लाकूड जळून जातं आणि धातू राखेत गोळा होतो.

सॅम्पल कसं घ्यायचं

इथे घाई केली तर रिपोर्ट रद्दी.

फीडचं सॅम्पल एका पोत्यातून मूठभर असं नको. दहाबारा पोत्यांतून किंवा जागांतून घ्या, एकत्र करा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तेच, अर्धा-एक किलो उरेपर्यंत. फीडरच्या तळाशी साठलेला बारीक चुरा वेगळ्या पिशवीत घ्या, मिनरल जड असतं, खाली बसतं, आणि दाबून राहिलेली कोंबडी शेवटी तेच खाते. पक्कं फीड आणि संशयित कच्चा माल दोन्ही पाठवा. नुसतं पक्कं फीड पाठवलं तर धातू आहे एवढंच कळतं, कुठून आला ते नाही.

पाण्याच्या दोन बाटल्या. पहिली पहाटे, रात्रभर लाइनमध्ये उभं राहिलेलं पाणी, पक्ष्यांच्या निपलजवळून. दुसरी तेच पाणी दहा मिनिटं सोडून दिल्यावर. पहिलीत धातू जास्त आणि दुसरीत कमी असेल तर दोष पाइपचा, दोन्हीत सारखाच असेल तर बोअरचा किंवा टाकीचा, मग टाकीच्या आधीची तिसरी बाटली घ्या. बाटली लॅबकडूनच मागा, नायट्रिक अ‍ॅसिडने धुतलेली मिळते, घरची सरबताची बाटली नको.

लिव्हर आणि किडनी वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत घालून फ्रीझ करा, तीनचार आजारी पक्ष्यांचे आणि दोन चांगल्या पक्ष्यांचेही, तुलनेला काही नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. आतड्याचे एकदोन सेंटिमीटरचे तुकडे मात्र मारल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्यांच्या दहापट फॉर्मॅलिन. उलटं करू नका, व्हिलाय बघायचे ते तुकडे फ्रीझ केले तर वाया गेले. रक्त पाठवायचं तर कुठली ट्यूब ते लॅबला आधी विचारा, जस्तासाठी रबरी बुचाची नको, रबरातूनच जस्त येतं. टेस्ट एएएस किंवा आयसीपी-एमएस ह्या मशिनवर होते, कुठले धातू हवेत ते नाव घेऊन लिहा, नुसतं हेवी मेटल लिहिलं तर तांबं-जस्त बऱ्याचदा राहून जातात.

रिपोर्ट येईपर्यंत आणि आल्यावर

संशयित माल थांबवा, फेकू नका, बाजूला ठेवा, पुरावा आहे तो. पाणी माहितीतल्या सोर्सवर न्या. हेच ऐंशी टक्के काम आहे असं माझं मत, बाकीचं सगळं आधाराचं.

बाइंडरबद्दल विचारलं जातंच. बेंटोनाइट, झिओलाइट लॅबमध्ये शिसं-कॅडमियम धरतात, पक्ष्याच्या पोटात तेवढं धरत नाहीत, आणि माती म्हटल्यावर तिच्यातही शिसं असू शकतं हे लक्षात घ्या, बाइंडरचाही धातूचा रिपोर्ट मागा. लोक हसतात असं मागितलं की, मागा तरी.

कॅल्शियम, लोह, जस्त गरजेएवढं आहे का ते फॉर्म्युल्यात तपासा, कमी असेल तर भरून काढा, वर सांगितलेली ती दारं आठवा. गरजेपेक्षा जास्त घालून फायदा नाही. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई पेशींना सावरतात, सेलेनियम पाऱ्याला बांधूनही ठेवतं, पण त्याची औषध आणि विष ह्यांतली फट फार अरुंद आहे, युरोपात पूर्ण फीडमध्ये एकूण ०.५ पीपीएमच्या वर चालत नाही. प्रीमिक्समध्ये आहे, वर टॉनिकमध्ये आहे, वर इंजेक्शन, असं तिप्पट होऊ देऊ नका.

अस्तर भरून यायला सोडियम ब्युटायरेट आणि लॅक्टोबॅसिलस असलेलं प्रोबायोटिक देतो मी, सोर्स बंद झाल्यावरच, आधी दिलं तर गळक्या बादलीत पाणी. आतड्याच्या पेशी काही दिवसांतच बदलतात ही पक्ष्यांची जमेची बाजू, दोनेक आठवड्यांत विष्ठेत फरक दिसायला हवा. दिसला नाही तर सोर्स अजून चालू आहे किंवा कारण दुसरंच आहे. किडनीतलं कॅडमियम मात्र असं निघून जात नाही, ते राहतं.

कॅल्शियम ईडीटीएचं इंजेक्शन शिशावर असतं, पण ते डॉक्टरांच्या हातचं काम आणि एकदोन मोलाच्या पक्ष्यांपुरतं, हजारांच्या बॅचला नाही. पेट्यात तुकडा असेल तर आधी तो काढायला लागतो.

अंडी, मांस आणि खत

शिसं पिवळ्या बलकात आणि कवचात उतरतं, कॅडमियम अंड्यात फार कमी जातं, ते लिव्हर-किडनीत साठतं. युरोपात कोंबडीच्या मांसाला कॅडमियमची मर्यादा ०.०५ पीपीएम, लिव्हरला ०.५ आणि किडनीला १ आहे, ह्यावरूनच कळेल कुठे गोळा होतं ते. शिसं पक्कं निघालं तर अंडी घरीही खाऊ नका, लहान मुलांना तर नाहीच, पुन्हा टेस्ट करूनच सुरू करा. आणि कवचं कुटून परत कोंबड्यांना घालायची सवय असेल तर ती त्या दिवसापासून बंद, नाहीतर तेच शिसं गोल गोल फिरत राहतं.

खताचं कुणी बोलत नाही. धातू कुजत नाहीत. कंपोस्ट केलं की बाकीचा माल कमी होतो आणि धातूचं प्रमाण उलट वाढतं. बिघडलेल्या बॅचचं लिटर कोंबड्या मोकळ्या सोडता त्या जागेवर किंवा चाऱ्याच्या तुकड्यात टाकू नका, आधी त्याची तांबं-जस्त-कॅडमियमची टेस्ट करा.

पुढच्या बॅचपासून एक करा. चुनखडी, डीसीपी, फिशमील, प्रीमिक्स, प्रत्येक लॉटचा अर्धा किलो माल प्लॅस्टिकच्या बरणीत, लॉट नंबर आणि तारीख लिहून, बॅच विकून महिनाभर होईपर्यंत ठेवा. मार्करने लिहा, चिठ्ठी चिकटवलेली उंदीर खातात.